बदाम्या दात का दाखवतो?

"दुपारी गाडी येणार," गोट्या धापा टाकत म्हणाला, "आणि बदाम्याला कायमचं घेऊन जाणार!"

त्याची बहीण टिटवी ताडकन उठली. सुट्टीत मावशीकडे यायचं ते बदाम्यासाठीच! घोडेस्वारीच्या शाळेतला हा सगळ्यांत गरीब घोडा. पण गेले काही दिवस तो मान ताणून वरचा ओठ दुमडायचा आणि सगळे दात दाखवायचा. घोडा चावरा झाला, असं मॅनेजरकाकांनी ठरवूनच टाकलं. मावशी प्राण्यांची डॉक्टर, पण ती परगावी गेलेली. तिची वाट पाहण्याइतका धीर काकांना कुठला!

"चावणारा घोडा कान मागे पाडतो, असं मावशी सांगते," टिटवी म्हणाली. "याचे कान तर ताठ असतात."

"मग हसतो की काय आपल्याला?"

"तुझं तोंड बघून कोणीही हसेल."

दोघं कुंपणावर ठाण मांडून बसली. खरारा झाला, बदाम्या शांत. चारा आला, शांत. त्याचं ब्लँकेट आणलं मात्र, मान वर आणि दात बाहेर! टिटवीने टुणकन उडी मारली. तिने दुसऱ्या घोड्यांची दोन ब्लँकेटं पळवून आणली आणि तिन्ही ओळीने टांगली. पहिली दोन बदाम्याने हुंगून सोडून दिली. तिसऱ्यापाशी, म्हणजे स्वतःच्याच ब्लँकेटपाशी, ओठ वर!

तेवढ्यात गाडी आली. टिटवी फाटकात आडवी उभी राहिली आणि हटेना. काका ओरडतच होते, इतक्यात मावशीही परतली. मुलांनी तिच्यासमोर तोच खेळ पुन्हा करून दाखवला.

"अगं, हा चावत नाहीये," मावशी म्हणाली. "घोड्याच्या नाकात, तोंडातल्या टाळूच्या वर, वास ओळखणारा एक खास अवयव असतो. दुसऱ्या घोड्याच्या मुताचा वास आला की तो ओठ दुमडून तो वास आत ओढतो आणि कोण येऊन गेलं ते ओळखतो. हे ब्लँकेट कुठे होतं?"

काकांचा चेहरा उतरला. नवी घोडी आणताना त्यांनी तेच गाडीत अंथरलं होतं.

"जरासं भिजलं होतं. वाळवलं की मी."

"आणि धुतलं?"

काकांनी ब्लँकेट नाकाशी नेलं. त्यांचं नाक आक्रसलं, ओठ वर गेला आणि सगळे दात दिसले.

"काकांनाही गाडीत चढवायचं का?" गोट्याने विचारलं.

सगळ्यांत आधी ड्रायव्हर हसला, मग काकाही. गाडी रिकामीच परत गेली. "आम्ही नुसते दात पाहिले, पोरीने घोडा पाहिला," काकांनी सर्वांसमोर कबूल केलं.

संध्याकाळी काका नळावर ब्लँकेट घासत बसले होते आणि टिटवी बदाम्याच्या पाठीवरून त्यांना अजून साबण लावायला सांगत होती.