रडणं थांबेपर्यंत

मी साधना. जालन्यात एका लॅबमध्ये रक्त तपासते. दिवसभर लोकांना सुया टोचणाऱ्या बाईला भुताखेतांचं फार कौतुक नसतं. तरी हे लिहायला बसलेय, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

गेल्या डिसेंबरची पहाट. वेळ साडेसहाची. वडीगोद्रीजवळचं आमचं शेत.

माझे वडील बद्रीनाथ. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पूर्वी दादा थंडीत सशांसाठी तारेचे फास लावायचे. सशाचं कातडं मीठ-हळद चोळून सुकवायचं, त्याचं अस्तर लावून घरातल्या लेकरांना कानटोप्या शिवायच्या, ही आमच्या घरची रीत. ससा धरणं गुन्हा आहे. पण दादांनी ते कायद्याच्या धाकानं नाही, तर एका थंडीत अचानक सोडून दिलं होतं.

का, ते कधीच सांगितलं नाही.

माझी नऊ वर्षांची अर्पिता मात्र हटून बसली. "आबा, मला पण शिकवा ना!" नातीपुढे त्यांचं काय चालणार? फक्त गाठ शिकवायची, फास लावायचा नाही, या अटीवर ते कबूल झाले.

शेकोटी पेटवली. अर्पिताच्या डोक्यावर माझीच जुनी कानटोपी होती, आतून सशाची मऊ लव. धुकं इतकं होतं की दहा पावलांवरची ज्वारी दिसत नव्हती.

दादा सांगत होते, "फासात आडकलेला ससा तान्ह्या लेकरावानी रडतो. पण आपुन उठायचं न्हाई. तडफडताना हात घातला तं कातडं फाटतं. रडणं थांबंपर्यंत बसून राह्यचं. मंग जायचं."

"तोपर्यंत नुसतं ऐकायचं?"

दादा काटकीनं निखारे उकरत राहिले.

आणि तेवढ्यात...

रडणं ऐकू आलं.

आमच्या बांधाला लागून कॅनॉलची चारी, म्हणजे शेतांना पाणी देणारा छोटा पाट, जाते. आवाज तिकडूनच येत होता. बारीक, कळवळून...

"आबा, सापडला!" अर्पिता आनंदानं ओरडली.

मी दादांकडे पाहिलं. सगळे फास त्यांच्या मांडीवर होते. एकही लावलेला नव्हता.

"आबा... उठायचं नाही ना?"

दादा उठले. बहात्तर वर्षांचा माणूस, जिना चढताना दोनदा थांबणारा... अनवाणी धावत धुक्यात शिरला.

"दादा! थांबा!"

रडणं वाढलं. मग एकदम थांबलं.

किडा-मुंगीचासुद्धा आवाज नाही. मी अर्पिताचं मनगट घट्ट धरून मागोमाग गेले.

दादा चारीत गुडघ्यावर बसले होते. पाणी अजून सुटलं नव्हतं, तळाच्या मातीला भेगा पडलेल्या. पण दादांच्या बाह्या...

कोपरापर्यंत ओल्या होत्या. थेंब टपकत होते.

दोन्ही हात छातीशी धरलेले, कुणाला तरी उचलून घेतल्यासारखे. हातात काहीच नव्हतं.

"दादा, काय झालं?"

"कापूस येचणारीचं लेकरू व्हतं, साधना. त्या साली. मी शेकोटीपाशी बसून ऐकल्तं. म्हन्लं ससा हाय, थांबू दे रडणं... थांबल्यावर गेलो, तं पाण्यात पालथं पडल्यालं. लोक म्हन्ले, कुणालाच कळलं न्हाई. मला कळल्तं."

ती थंडी मला आठवते. मी सात वर्षांची होते.

त्या शेकोटीपाशी मीही बसले होते.

आम्ही त्याच दिवशी जालन्याला परत आलो. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगमधल्या खोलीत वॉचमन हरिओम, त्याची बायको भावना आणि त्यांचं रांगतं बाळ.

दुसऱ्या पहाटे अर्पिता अंथरुणात उठून बसली होती. डोक्यावर ती कानटोपी.

"रडतंय," ती म्हणाली.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं "थांबलं" म्हणाली आणि झोपली. मग हे रोजचंच झालं. मी भावनाला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई ताई, आमचं पहाटं कधीच रडत न्हाई, गाढ झोपून राह्यतं." मी कानटोपी माळ्यावर टाकली. सकाळी ती पुन्हा अर्पिताच्या डोक्यावर...

नवव्या पहाटे अर्पितानं मला हलवलं. "आई, आज खूप जवळून येतंय. बघायला जाऊ?"

मी धावत जाऊन दाराला कडी लावली. तिला मांडीत ओढलं.

आणि मग... मलाही ऐकू आलं.

खालून. अगदी स्पष्ट.

मी अर्पिताच्या कानांवर हात दाबले. पोरीला यातून वाचवायचं, एवढंच डोक्यात होतं. मी बसून राहिले. रडणं थांबेपर्यंत.

उजाडल्यावर खाली गेले. पाण्याच्या हौदापाशी माणसं जमली होती. हौदाचं झाकण उघडं. भावना ओल्या बाळाला पोटाशी धरून पदरानं पुसत होती. बाळ जिवंत होतं.

"ताई, तुमचे वडील गावाहून कधी आले? त्यांनीच काढलं ओ याला. अनवाणी पळत आल्ते. बाळ माझ्या हातात देलं, अन् मंग कुठं गेले कळलंच न्हाई."

मी भावाला, भागवतला, फोन लावला. दादा गावातच होते. कुठंच गेले नव्हते.

"शेकोटीपाशी बसलेत पहाटेपासून," तो म्हणाला. "बाह्या वल्ल्या झाल्यात. कितीबी शेकल्या तरी वाळंनात."

भावना मला भेटली की दादांना दुवा देते. मी मान खाली घालून निघून जाते.

अर्पिता आता पहाटे उठत नाही. कानटोपीही घालत नाही. फक्त परवा, शाळेची वेणी घालताना तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं...

"आई, त्या दिवशी तुलाही ऐकू आलं होतं ना? मग तू का नाही उठलीस?"