दाराच्या कप्प्यातला बर्फ

हे खरं आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं आमच्या घरी यावं. चहा पाजते आणि फ्रिजही दाखवते.

मी सुनंदाबाई. यावलपासून सात किलोमीटरवर आमचं गाव. शाळा तिसरीपर्यंत. पण माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्मायचाय.

गोष्ट यंदाच्या वैशाखातली, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावरची. रात्रीची नाही. जे पाहिलं ते भर दुपारी दोन वाजता पाहिलं... बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना.

आमच्या ह्यांना साखर आहे. गाव त्यांना आबा म्हणतं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. इंजेक्शन मीच देते. सून कामिनी बारावी शिकलेली, पण तिला मी सुईला हात लावू देत नाही. माझा नवरा, माझा हात.

औषधाची बाटली फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात असते. एका सकाळी काढायला गेले...

बाटली दगड झाली होती.

शेजारी दुधाचं पातेलं. दूध पातळ. खाली टमाटे, तेही धड.

बर्फ फक्त त्या बाटलीत.

मेडिकलवाला म्हणाला, "काकू, एकदा गोठलं की ते औषध गेलं. वितळलं तरी टोचू नका."

नवीन आणली. दुसऱ्या दिवशी तीही दगड. तिसरी मिळेपर्यंत दीड दिवस गेला. आबांची साखर साडेचारशेच्या वर. जीभ जड झाली, माणसं ओळखेनात. असं अजून दोनदा झालं तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं.

माझा संशय सरळ कामिनीवर.

तिला गार पाण्याचा भारी सोस. फ्रिजमधलं बटण तीच वाढवत असणार. मी बटणावर कुंकवाची बारीक रेघ ओढली. फिरवलं की रेघ मोडणार. आणि वर तिला विचारलंही, "काय व महाराणी, तुले बर्फ पाहिजे म्हणून सासऱ्याले मारते का?"

कामिनी भडगावची. चिडली की तिची अहिराणी बाहेर पडते.

"आत्याबाई, मी बटनले हात नही लावा! तुमना मनमा काय शे ते सरळ सांगा!"

"सरळच तर सांगून ऱ्हायली."

तिनं पिशवी भरली. माझा किरण तिला बसवर सोडून आला आणि मला म्हणाला, "माय, तू कोर्टात पाहिजे होती. शिक्षा आधी, साक्ष मागून."

दुसऱ्या सकाळी फ्रिज उघडला. कुंकवाची रेघ जशीच्या तशी.

कामिनी भडगावला.

आणि बाटली... दगड.

मग फैजपूरहून हितेंद्रला बोलावलं. फ्रिज दुरुस्तीत त्याचा हात चांगला. दाराचं रबर तपासलं, मागची जाळी झाडली, थर्मोस्टॅट बदललं.

"काकू, जुनं चिकटलं होतं. मशीन थांबतच नव्हती, म्हणून जास्त गार."

"मग दूध कसं नही गोठलं?"

त्यानं दाराच्या कप्प्यात हात घालून पाहिला. मग स्वतःच म्हणाला, "दारात तर सगळ्यात कमी गारवा ऱ्हातो, काकू..."

जाताना सांगून गेला, वायर काढा, दार उघडं ठेवा, सगळा बर्फ गळू द्या.

नवीन बाटली मी शेजारच्या मंदाबाईच्या फ्रिजमध्ये ठेवली. गोठून वाया गेलेली एक वितळली होती, ती मुद्दाम दारात ठेवली. बघू म्हटलं, काय होतं ते.

दुपारी लाईट गेली. किरण केळीच्या बागेत. आबा मधल्या खोलीत खाटेवर झोपलेले. मी फ्रिजसमोर पाट टाकून बसले. वायरीची पिन माझ्या मुठीत.

पंखा बंद. कूलर बंद.

आधी अंगणातल्या चिमण्या गप्प झाल्या.

मग...

घुर्रर्र...

फ्रिज चालू झाला.

मी मूठ उघडून पाहिलं. पिन हातातच होती.

बाटलीतून बारीक आवाज येऊ लागला. टिक... टिक... बुडापासून पांढरं वर चढत होतं. माझ्या डोळ्यांदेखत. कपाळावरून घाम गळत होता आणि दाराच्या कप्प्यात बर्फ धरत होता.

मागे खाट करकरली.

वळून पाहिलं. आबा गाढ झोपेत भिंतीकडे सरकत होते. हळूच. अर्धी खाट मोकळी सोडली, तेव्हा थांबले.

असं माणूस कोणाला तरी जागा द्यायला सरकतं.

चाळीस वर्षांत मला त्यांनी अशी जागा कधी दिली नाही. मीच म्हणायची, सरका.

मग त्या मोकळ्या बाजूची सुतळी... जराशी खाली गेली.

आता लपवून काय करू? मी दुसरेपणाची. पहिली शेवंता. लग्नाला आठ महिने झाले आणि अशाच वैशाखात ऊन लागून गेली. आमच्यात दुसरीनं पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, सणाला पहिला घास तिच्या नावानं काढायचा. तीस-पस्तीस वर्षं केलं मी. किरणच्या लग्नात टाक मोडून सुनेची जोडवी केली. सोनारासमोर बोललेही, मेलेल्या बाईला चांदी कशाला?

तुम्ही म्हणाल, चांदीसाठी आली.

पण जोडवी कामिनीच्या पायात होती. भडगावला. आणि बर्फ इथं.

तिला चांदी नको होती.

मी उठले नाही. बसल्या जागेवरून बोलले, "शेवंते, आठ महिन्यांची पाहुणी तू. त्याचं हगणं-मुतणं मी काढलं. नीघ माझ्या घरातून."

घुरघुर थांबली. लगेच. जणू कोणी ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून औषध फ्रिजमध्ये ठेवत नाही. डब्यात घालून, डबा मातीच्या माठात. ज्यांच्याकडे फ्रिज नाही ते असंच करतात, मेडिकलवाल्यानंच सांगितलं. औषध चांगलं राहिलंय. साखर उतरली. कामिनीही परत आली. माफी मी मागितली नाही, पण पहिला मांडा तिच्या ताटात वाढला. समजणाऱ्याला समजतं.

फ्रिजही आता बरोबर चालतो. हितेंद्र गावभर सांगतो, थर्मोस्टॅटच होतं.

असेल बाबा.

पण काल दुपारी आबांनी गोधडी मागितली.

वैशाखात!

डॉक्टरला फोन लावला. म्हणाला, साखरेच्या पेशंटचे हातपाय गार पडतात. पडत असतील. मी हात लावून पाहिला. भिंतीकडची बाजू घामानं ओली, तापलेली.

दुसरी बाजू... गार. खांद्यापासून टाचेपर्यंत.

आणि त्या बाजूला अर्धी खाट मोकळी.

मी जाऊन तिथंच बसले. घर माझं, खाट माझी.

आबांचे डोळे मिटलेले होते. शांतपणे म्हणाले, "तिथं नको बसू."

मी उठले नाही.

पण अंग चोरून बसले, एवढं खरं.