रेकॉर्डची उलटी बाजू

"रेकॉर्ड रूबी नेलकडे आहे!" वर्ना रेडिओ स्टेशनच्या पायरीवरूनच ओरडली.

गायक डेल रेनीच्या नव्या सिनेमातलं गाणं शुक्रवारी चार वाजता अख्ख्या हॅस्केल बेंड गावाला ऐकवायचं ठरलं होतं, आणि स्टेशनवर आलेली एकुलती एक रेकॉर्ड मंगळवारपासून बेपत्ता होती! दुकानात ती शनिवारी मिळणार होती. सुट्टीत हातांना काम नव्हतंच, म्हणून वर्ना, तिचा धाकटा भाऊ वेंडेल आणि मैत्रीण रूबी नेल यांनी शोधाचा विडा उचलला. आणि आज शोधता शोधता रूबी नेल चक्क गुणगुणली, "निळ्या काचेची खिडकी..."

ते तर रेकॉर्डच्या उलट्या बाजूचं गाणं! निवेदक मिस्टर प्रुइटनी फक्त त्याचं नाव सांगितलं होतं. चाल हिला कुठून कळली?

"मेबलमावशीच्या हॉटेलात ऐकलं गं! ज्यूकबॉक्सवर!" रूबी नेल कळवळून म्हणाली.

"थापा! तिथल्या नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेटीवर ते नावच नाहीये. मी आत्ताच बघून आले!"

"हिची आई इथे झाडलोट करते ना? तरीच!" मिस्टर प्रुइट म्हणाले. आतून रूबी नेलची आई, टॅकेटबाई, झाडू घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा वर्नाकडे, आणि झाडू भिंतीला टेकवला. उद्यापासून यायचं नाही, एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

वर्नाला वाटलं होतं, आपल्याला शाबासकी मिळेल. ती मिळालीही. पण टॅकेटबाईंची ती नजर काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी दुपारी ती आणि वेंडेल मेबलच्या हॉटेलात लिंबू सरबत पीत बसले होते. म्हातारे एमस आजोबा ज्यूकबॉक्सला काठीने ढोसत होते.

"माझ्या वॉल्ट्झच्या नाचगाण्याची वाट लावली मेल्यांनी! चार दिवस नाणं टाकतोय, रोज तोच रडका पोरगा गातोय!"

"आजोबा, तुमचे कान गेलेत!" वेंडेल खिदळला.

"कान गेले असतील, अक्कल नाही गेली! बटण तेच, गाण्याच्या नावाची चिठ्ठी तीच!"

पेटी वाजू लागली. हळू, जड आवाजात कुणीतरी गात होतं... निळ्या काचेची खिडकी!

वर्नाच्या हातातला पेला कलंडला. चिठ्ठीवर दोन जुन्या वॉल्ट्झची नावं होती, एक वर, एक खाली. आजोबा रोज खालचंच बटण दाबत. "वेंडेल, वरचं दाब!"

वेंडेलने दाबलं, आणि गिटारच्या दणक्याने हॉटेल हादरलं. सिनेमाच्या जाहिरातीत वाजणारं तेच गाणं!

"मेबलमावशी, मंगळवारी मिस्टर प्रुइट इथे आले होते?"

"आले होते की. ॲपल-पायची बशी धरायला हात मोकळा हवा म्हणून हातातलं सगळं पेटीवर ठेवलं. त्याच वेळी पेटीतल्या रेकॉर्डी बदलणारा माणूस आला होता बघ."

आता सगळं लख्ख झालं! त्या माणसाने ती रेकॉर्ड आपल्याच गठ्ठ्यातली समजून आत घातली आणि नवी चिठ्ठी सापडली नाही म्हणून जुनीच ठेवली. मावशीने पेटी उघडली. रेकॉर्डवर स्टेशनचा शिक्का!

रूबी नेल अक्षरन् अक्षर खरं बोलली होती. वर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिठ्ठी वाचली तिने, पण मैत्रिणीचं ऐकून एकदा बटण दाबून पाहायचं काही सुचलं नव्हतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मुलं रेकॉर्ड घेऊन स्टेशनवर धडकली आणि ती कुठे सापडली ते त्यांनी सांगितलं. "शाब्बास!" मिस्टर प्रुइटनी घाम पुसला. "टॅकेटबाईंना सोमवारी बोलावून घेतो. बाकी कुठे सापडली वगैरे नको हं सांगायला. हुशार मुलांनी शोधली, बस्स! ये, माइकवर नमस्कार कर."

वर्नाने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेल गुपचूप मिस्टर प्रुइट आणि माइकच्या मधे जाऊन उभा राहिला.

"मी वर्ना," ती म्हणाली. "रेकॉर्ड मिस्टर प्रुइट हॉटेलात विसरले होते. रूबी नेल टॅकेटने चोरली नव्हती. तिला चोर मी म्हटलं. मी खोटी ठरले."

मिस्टर प्रुइटचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. पण काचेपलीकडे स्टेशनच्या मालकीणबाई उभ्या होत्या. त्या आत आल्या. "पोरी, हे बोलायला छाती लागते," त्यांनी वर्नाची पाठ थोपटली. "आणि प्रुइट, टॅकेटबाईंकडे तुम्ही जायचं. स्वतः. आजच!"

सगळे वाहवा करत होते. वर्नाला मात्र मान वर करवेना. ती धावत सुटली ती थेट टॅकेटांच्या दारात.

रूबी नेल पायरीवर शेंगा सोलत बसली होती. आत रेडिओ चालू होता.

"ऐकलंस?" वर्नाने धापा टाकत विचारलं.

"ऐकलं. सगळ्या गावाला सांगितलंस. मला कुठे सांगितलंस?"

इथे माइक नव्हता, टाळ्या नव्हत्या. "चुकलं माझं, रूबी नेल. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

रूबी नेलने आणखी दोन शेंगा सोलल्या. मग ती बाजूला सरकली आणि दाराकडे मान उडवून म्हणाली, "आई आत आहे. आधी तिला सांगून ये."

वर्नाने डोळे पुसले आणि ती आत गेली.