पाचव्या गाण्यातली टकटक

अण्णा निवृत्त झाले त्याच्या बरीच वर्षं आधी त्यांच्या कानांनी राजीनामा दिला होता. एकतीस वर्षं कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये, लोखंड तापवून ठोकायच्या खात्यात, काढली, त्यातली चोवीस मोठ्या हॅमरवर. हॅमर म्हणजे खिळे ठोकायची हातोडी नव्हे. दोन मजले उंच, वाफेवर चालणारा, तीन टनांचा घण. अण्णा दांडा ओढत आणि लाल झालेल्या लोखंडावर तो असा काही उतरे की बाहेरच्या रस्त्यावर चहाच्या पेल्यात लाटा उठत. एवढ्या मोठ्या यंत्राचा कान आपल्या हातात आहे याचा त्यांना गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

आता कानात यंत्र होतं. समोर बसून कुणी बोललं तर कळायचं, पण गाणं मात्र पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं ऐकू यायचं. म्हणून धाकट्या लेकीच्या बँडचा नवा अल्बम आला तेव्हा अण्णांनी तो ऐकला नाही, वाचला. पेपरांत, मासिकांत जिथे जिथे त्यावर लिहून आलं ते कापून त्यांनी कारखान्यातल्या एका जुन्या फायलीत लावलं आणि महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या.

"चाळीस वर्षं माझ्या हातचं खाताय," त्यांची बायको म्हणायची, "माझ्या आमटीवर कधी एक ओळ लिहून आणलीत का?"

लेकीच्या बँडमध्ये चौघं. गिटार, ड्रम, लेकीचा घोगरा आवाज आणि लोखंड. पत्रे, साखळ्या, पिंपं, जे हाताला लागेल ते बडवायचं आणि त्यातून गाणं उभं करायचं. आधीच्या दोन अल्बमना कुणी भीक घातली नव्हती. एकाने तर 'शेजारी भांडी घासतायत असं वाटलं' असं लिहिलं होतं. अण्णांनी तेही कापून ठेवलं होतं, पण रेघ न मारता. या तिसऱ्याचं नाव तिने 'ऐरण' ठेवलं आणि आत छापलं, 'माझ्या वडिलांच्या घणाला.' ते वाचून अण्णा न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

आणि ऐरणीने धमाल उडवली. पहिलं परीक्षण रविवारच्या पुरवणीत आलं, पाऊण पान. त्यात पाचव्या गाण्याबद्दल एक परिच्छेद होता. 'प्रत्येक घावाआधी ऐरणीवर दोन हलक्या टकटक ऐकू येतात. कुणीतरी परवानगी देतंय, आणि ती मिळाल्याशिवाय घण पडत नाही. या संगीतात पहिल्यांदाच यंत्राइतकीच माणसांची शिस्त ऐकू आली.'

अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे तर आमच्या शॉपचं! तिथल्या गोंगाटात माणसाचा आवाज पोचत नसे. म्हणून सांडशीने लाल सळई धरणारा जोडीदार छोट्या हातोडीने ऐरणीवर खूण करी. दोन टकटक म्हणजे मार. तीन म्हणजे थांब. बाहेरच्या कुणाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

लेक घरी आली तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं. "त्या दोन टकटक तुला कुणी सांगितल्या गं?"

"कसल्या टकटक?"

त्यांनी कात्रण पुढे केलं. तिने वाचलं आणि हसली. "अण्णा, पाचव्या गाण्यातला घाव म्हणजे आमच्या इमारतीच्या पार्किंगचा दरवाजा आणि आईचा जुना तवा. टकटकबिकटक काही नाही त्यात. समीक्षकांना काय, कायपण ऐकू येतं."

"माझा तवा?" बायको आतून ओरडली. "तरीच!"

विषय तिथेच राहिला. अण्णांनी मात्र रेघ दुहेरी केली.

दुसरं परीक्षण ज्याने लिहिलं त्याला बँडची मंडळी आपसात 'खडूस' म्हणत. चांगल्याचांगल्यांची सालं काढणारा माणूस. त्याने चक्क सलाम ठोकला होता. शेवटी लिहिलं होतं, 'पाचव्या गाण्यात घावांच्या मधल्या जागेत एक माणूस दातांच्या फटीतून शीळ घालतो. तीन सूर वर, एक खाली, मग नाक ओढतो आणि कामाला लागतो. एवढं जिवंत पात्र मी यंदा कादंबरीतही वाचलेलं नाही.'

अण्णांचा चहा निवला.

ती शीळ त्यांना ठाऊक होती. ती त्यांच्या जोडीदाराची. त्याला सगळे ठेकेदार म्हणत. जन्मात कधी कुठलं कंत्राट घेतलं नाही, पण जेवायच्या डब्यावर, बाकावर, बसच्या दांडीवर, मिळेल तिथे ठेका धरायचा म्हणून ठेकेदार. समोरचा दात अर्धा तुटलेला. चौदा वर्षं तो सांडशीवर आणि अण्णा दांड्यावर. दोघांनी मिळून काढलेला माल तपासायला येणारा तपासनीस पट्टीसुद्धा खिशातून काढत नसे. ठेकेदाराला जाऊन आता सव्वीस वर्षं झाली होती. लेक तेव्हा चार वर्षांची होती. हॅमर भंगारात गेला होता आणि शॉपच्या जागी गोदाम उभं होतं.

अण्णांनी हे कुणाला सांगितलं नाही. कात्रण कापलं, फायलीत लावलं. रेघ मात्र वाकडी आली. पण खरं सांगायचं तर तेव्हाही त्यांना भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटला. आपला ठेकेदार पेपरात आला होता.

तिसरं परीक्षण परदेशातल्या मासिकात आलं. लेकीने त्याचं भाषांतर हाताने लिहून आणलं, कारण असला मान तिच्या शहरातल्या एकाही बँडला मिळाला नव्हता. अण्णांनी चष्मा पुसून वाचलं.

'सातव्या घावानंतर तीन टकटक होतात. स्वच्छ, सारख्या अंतराच्या, जराही घाई नसलेल्या. आणि तरीही घण खाली येतो. त्यानंतर शीळ नाही. मी हे अकरा वेळा ऐकलं. न थांबण्याची ही कल्पना कुणाची होती, हे मला त्या कलावतीला विचारायचं आहे.'

"अण्णा, आम्ही चौघांनी बसून ऐकलं," लेक म्हणाली. ती आता हसत नव्हती. "एकेक आवाज सुटा करून ऐकला. काही नाही त्यात. आम्हाला सोडून सगळ्यांना ऐकू येतंय. गिटारवाला म्हणतो, कौतुक होतंय ना, मग मुंडी हलवा आणि गप्प बसा. पण रविवारी दुपारी रेडिओवर माझी मुलाखत आहे, ते विचारणारच. तुमच्या शॉपमध्ये तीन म्हणजे काय होतं?"

"काही नव्हतं," अण्णा म्हणाले. "तीनबीन असलं काही नसायचं आमच्यात."

ती गेल्यावर ते फाईल मांडीवर घेऊन बसले.

कारखान्यात दरवर्षी कान तपासायचे. काचेच्या खोलीत बसायचं, कानात सूर आला की बटण दाबायचं. सूर येईनासे झाले तेव्हा अण्णांनी युक्ती काढली होती. समोरच्या काचेत नर्सच्या अंगठ्याचं प्रतिबिंब पडे. अंगठा हलला की ते बटण दाबत. दोन वर्षं शंभरपैकी शंभर. हॅमरवरून उतरवून भांडारात बसवलं असतं तर त्यांना ते सोसलं नसतं. शॉपमधल्या सगळ्यात मोठ्या यंत्राचा माणूस होते ते. त्या शंभर गुणांचाही तेव्हा त्यांना अभिमान वाटला होता.

जोडीदाराची टकटक ऐकू येईना, तेव्हा ते ठेक्याच्या अंदाजाने दांडा ओढू लागले. मग तो दिवस. सळई ऐरणीवर तिरकी झाली, ठेकेदार ती सरळ करायला वाकला आणि अण्णांनी दांडा ओढला. चौकशीत त्यांनी सांगितलं, तीन टकटक झाल्याच नाहीत. झाल्या असत्या तर ऐकू आल्या असत्या, कान शंभर टक्के आहेत, कागद बघा. साहेबांनी कागद बघितला. पुढे कितीतरी वर्षं नव्या कामगारांना शॉपच्या दारावरचा अपघाताचा फलक दाखवून सांगत, खूण न करता हात घालणाऱ्याचं काय होतं ते लक्षात ठेवा. ठेकेदार, ज्याच्याइतकी चोख खूण त्या शॉपमध्ये कुणी केली नव्हती, तो गलथानपणाचं उदाहरण होऊन बसला. आणि अण्णा त्या फलकाखालून रोज जात राहिले.

शनिवारी सकाळी ते लेकीला म्हणाले, "मला ते गाणं ऐकव."

"अण्णा, तुम्हाला..."

"ऐकव म्हणतो ना."

बँडची तालमीची खोली तळमजल्यावर होती. भिंतींना जुन्या गाद्यांच्या खोळी, जमिनीवर वायरींचा गुंता, कोपऱ्यात पिंपं आणि तो तवा. लेकीने त्यांना खुर्ची दिली, छातीएवढा उंच स्पीकर जवळ ओढला.

"हात ठेवा यावर. धक्के तरी कळतील."

अण्णांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. तळवा स्पीकरवर ठेवला.

गाणं सुरू झालं. तळव्यात गुरगुर आली. मग पहिला घाव, मनगटापर्यंत.

आणि त्याआधी, कानात, टक टक.

तळव्यात नव्हे. कानात. अण्णांनी लेकीकडे बघितलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिला ती टकटक ऐकू येत नव्हती.

टक टक. घाव. शीळ, तीन सूर वर, एक खाली.

इतक्या वर्षांत कुठलाही आवाज त्यांच्या कानात असा स्वच्छ आला नव्हता. ऐरणीची कड, हातोडीचं टोक, दोन्ही वेगळे कळत होते.

चौथा. पाचवा. सहावा.

त्यांचा उजवा हात दांडा धरल्यासारखा आपोआप वर गेला होता.

सातवा.

टक. टक. टक.

अण्णांनी मूठ उघडली.

घाव आला नाही.

लेकीने दचकून कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावरच्या रेघा हलत होत्या, गाणं चालू होतं, काटा पुढे सरकत होता. खोलीत मात्र काहीच वाजत नव्हतं.

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तीन म्हणजे थांब. त्याने दिली होती खूण. मला ऐकू आली नाही. मी खोटं बोललो."

 लेकीने खाली बसून त्यांच्या खिशातलं यंत्र काढलं, त्यांच्या कानात नीट बसवलं आणि विचारलं, "उद्या सांगू?"

"सांग. माझं नाव घेऊन सांग. आणि हेही सांग की त्याच्यासारखा सांडशी धरणारा पुन्हा झाला नाही."

त्याच दुपारी ते ठेकेदाराच्या बायकोकडे गेले. उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. ते खूण करायला विसरणारे नव्हते." त्यांना आत या म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

रविवारी लेकीने रेडिओवर सगळं सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही. बायकोने शेजारी बसून अण्णांना एकेक वाक्य मोठ्याने पुन्हा सांगितलं आणि शेवटी पदराने डोळे पुसत म्हणाली, "पोरगी तुमच्यावर नाही गेली, देवाची कृपा." अण्णांना ते मनापासून पटलं. लेकीचा इतका अभिमान त्यांना कुठल्या परीक्षणाने वाटला नव्हता.

पुढच्या गुरुवारी सकाळी पेपरात खडूसने त्याच अल्बमवर पुन्हा लिहिलं. असं तो कधी करत नसे. अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. कानातल्या यंत्राचे सेल संपले होते, म्हणून ते काढून बाजूला ठेवलेलं. त्यांनी वाचायला घेतलं.

'मुलाखतीनंतर मी पाचवं गाणं पुन्हा ऐकलं. ते बदललं आहे. बँड म्हणतो त्यांनी हातही लावलेला नाही. आता तीन टकटकींनंतर घण थांबतो. हातोडी ऐरणीवर ठेवल्याचा आवाज येतो. मग पावलं. कुणीतरी ऐरणीकडून चालत येतं, सावकाश, आणि अगदी जवळ येऊन थांबतं.' मजकूर पुढे मागच्या पानावर होता.

अण्णांनी मान डावीकडे वळवली.

"आलं रे," ते म्हणाले. "आलं, आलं."

बायकोने ओट्यावरून वळून पाहिलं. त्यांच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. तिने हाताने खूण केली, कुणाशी बोलताय?

अण्णांनी पान उलटलं. मजकूर काल संध्याकाळीच छापून झालेला होता, शाई बोटाला लागत नव्हती.

'मग एक माणूस अगदी साध्या आवाजात विचारतो, "ऐकू आलं का?" आणि दुसरा, बराच म्हातारा, म्हणतो, "आलं रे. आलं, आलं."'