हिलालच्या नावाची बाटली

लिंबायतच्या गिरणवस्तीत दवाखान्यामागे पत्र्याची खोली होती. तिथं शालिग्राम लघवी तपासायचा. लोक औषधाच्या, सरबताच्या, कुणी तर अत्तराच्या बाटलीतून नमुना आणायचे. नळीत निळं द्रावण घ्यायचं, लघवीचे थेंब सोडायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर बरं. विटकरी झालं की साखर. हात चालायचे, ओठांवर बुवांच्या कीर्तनातला अभंग.

एकाहत्तर साली गावाकडचा हिलाल आला. मिलमध्ये कायम व्हायला त्याला लघवीत साखर नसल्याचा दाखला हवा होता. त्याच्या बाटलीला आधीच मुंग्या लागलेल्या.

"भाऊ, साखर निंघनी ते घर बसनं मनं. पोऱ्या धाकला शे."

"अन् मी काय देव शे का रे?" शालिग्राम हसला.

पण आदल्याच संध्याकाळी बुवा कळवळून म्हणाले होते, दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेईल तोच खरा वैष्णव. शालिग्राम मोरीत गेला. स्वतःच्या लघवीनं बाटली भरली अन् वर चिठ्ठी चिकटवली: हिलाल. नळी निळीशार राहिली. डॉक्टरांनी सही ठोकली.

हिलाल कायम झाला, अंगानं भरला. शालिग्रामला मात्र पाणी पुरेना. विजार कमरेला ठरेना. घरच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. त्यानं स्वतःची नळी तापवली. हिरवी, पिवळी, मग विटकरी. द्रावण बदललं, तरी विटकरी. हिलालला बोलावून तपासलं.

निळं.

मग अभंगाचं दुसरं चरण आठवेनासं झालं. मिलची पायरी न चढलेल्या शालिग्रामच्या कानात मागांचा खडखडाट घुमू लागला.

केलेलं मोडावं म्हणून दोन रिकाम्या बाटल्या घेऊन तो हिलालच्या खोलीवर गेला. हिलाल उंबऱ्यावर बसून तोच अभंग गुणगुणत होता. दुसऱ्या चरणासकट.

"हिलाल, ज्याच्या नावाची बाटली त्यानंच भरायची. तुझं तू घे, बाबा."

हिलालनं अभंग पुढे चालू ठेवला.

आतून पोरगं धावत आलं. हिलालला ओलांडून त्यानं शालिग्रामच्या पायांना मिठी मारली.

"बाबा!"

मागून हिलालची बायको सुंदरा ताट घेऊन आली. शालिग्रामकडे बघत म्हणाली, "जेवी ल्या. मिलच्या पाळीले येळ व्हई जाई."

"वहिनी, मी शालिग्राम..."

"चेष्टा पुरी व्हयनी," ती हसली.

हिलाल उठला. दाराशी काढलेल्या शालिग्रामच्या चपला पायात सरकवून दवाखान्याच्या वाटेला लागला.

चपला त्याला बरोबर बसल्या होत्या.