चौथ्या बाटलीचं बूच

"सहाच्या सहा बाटल्या बाद! एखादी नाही, दोन नाहीत, सहा!"

दुकानाच्या मालकीणबाई इतक्या संतापल्या होत्या, की आलेल्यांना बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. दुपारचा एक वाजला होता. दारावर लाल अक्षरांत पाटी होती: 'बाटलीताई'. गल्लीनं हे नाव टिंगलीत ठेवलं होतं. बाईंनी रंगारी बोलावून तेच पाटीवर काढून घेतलं होतं.

"आधी पाणी प्या ताई," वहिनी म्हणाल्या.

वहिनी खासगी तपासाचं काम करत. त्यांचे दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळं शहरच म्हणू लागलं होतं. हे दीर, म्हणजे भावोजी, टायपिंगचे निवृत्त मास्तर. वही-पेन घेऊन ते वहिनींच्या मागे असत, आणि बहुतेक वेळा चार पावलं मागेच राहत.

"आता क्रमानं सांगा. आणि हो, मी यातला थेंबही घेत नाही. त्यामुळे लहान मुलाला सांगतात तसं सांगा."

ताईंनी सांगितलं. सात हॉटेलांसाठी वाईन निवडायचं काम निघालं होतं. इतकी वर्षं ते नाकसाहेब करत. नाकसाहेब म्हणजे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाक. वय झालं, आता बाजूला होतो, असं तेच म्हणाले होते. ताई बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यांनी हे दुकान काढलं. आज अकरा वाजता परीक्षा होती. परीक्षक दोघं, हॉटेलांचे मॅनेजर आणि नाकसाहेब.

"लेबल दिसू नये म्हणून बाटल्या कापडात गुंडाळल्या. पडद्यामागे मीच उघडल्या, या चपट्या वाटीत प्रत्येक चाखली. सहाही उत्तम! मग बाहेर जाऊन ओतल्या. नाकसाहेबांनी सगळ्या हुंगल्या आणि म्हणाले, बूच लागलंय. सगळ्यांना."

"बूच लागलंय म्हणजे?"

"बुचाला बुरशी लागली, की वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. शिवाय ती मुकी होते. फळाचा, फुलाचा सुवास आधी मरतो, उरतो तो पुठ्ठा. मॅनेजरांनाही तोच वास आला. मी त्यांचा ग्लास हुंगला, तर मलाही आला! आत चांगली असलेली वाईन दहा पावलांत खराब कशी होते? पाच वाजता ते दुसऱ्या कुणाला तरी काम देतील. उद्यापासून सगळे म्हणतील, हिला नाकच नाही. काम जाऊ दे, वहिनी. नाक गेलं, तर मी काय विकू?"

मागच्या खोलीत ताईंनी रागानं मोरीत रिकाम्या केलेल्या सहा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. ताटलीत बुचं होती.

"एक, दोन... पाच," भावोजी उत्साहानं म्हणाले. "वहिनी, एक बूच चोरीला गेलं!"

वहिनींनी ताटलीतून पत्र्याचं एक झाकण उचललं, चौथ्या बाटलीच्या तोंडावर फिरवून पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं.

मोरीशी ग्लास धुणाऱ्या मावशी फुरंगटून बसल्या होत्या.

"मला काही विचारू नका. तीस वर्षं ग्लास धुतेय. आणि ते नाकसाहेब म्हणतात, ग्लासाला डाग आहे! मी दुसरा देते म्हटलं, तर नको. स्वतः आत आले, गरम पाण्यानं साबण लावून धुतला आणि खिशातल्या रुमालानं पुसला. माझ्या हातात कोरा टॉवेल असताना!"

"कोरा?"

"काल त्यांनीच दिलेले. बाईंना शुभेच्छा म्हणून सहा टॉवेल, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. बाई म्हणाल्या, उद्या हेच वापरा."

"त्यांना वास होता का?"

"कोऱ्या कापडाला दुकानाचा वास असतोच की."

वहिनींनी फळीवरचा एक न वापरलेला ग्लास उचलून नाकाशी धरला आणि भावोजींकडे दिला.

"रिकामा आहे," भावोजी निराश होऊन म्हणाले.

एवढ्यात ताईंचे थोरले भाऊ आले. त्यांच्याकडे दुकानाची दुसरी किल्ली होती.

"झालं समाधान?" ते बहिणीला म्हणाले. "आमच्या घरात कुणी बाटलीला हात लावला नाही आणि ही बाटल्यांची शाळा काढून बसली! बंद कर आता."

"दादा, काल तुम्ही इथे आला होतात," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

दादा चपापले. "कोण म्हणालं?"

"मागच्या फळीवर सगळ्या बाटल्या आडव्या आहेत. खालच्या रांगेतल्या तेवढ्या उभ्या. ताई असं करणार नाहीत."

"दादा! तू माझ्या बाटल्यांना हात लावलास?"

"आडव्या पडल्या होत्या!" दादा ओरडले. "सांडल्या असत्या म्हणजे? कुणाच्या लक्षात आलं नसेल म्हणून उभ्या करून ठेवल्या. वरच्या फळीला हात पोचला नाही."

ताई रागावायच्या बेतात होत्या, पण त्यांना हसूच आलं. "अरे, बूच ओलं राहावं म्हणून आडव्या ठेवतात. एका दिवसानं काही होत नाही. पण धंदा बंद कर म्हणतोस आणि सांडू नये म्हणून जपतोस?"

"नुकसान ते नुकसान," दादा पुटपुटले.

"आपला चोर हाच," भावोजी कुजबुजले.

"हा चोर नाही, भावोजी. हा भाऊ आहे. परीक्षकांचे कागद कुठे आहेत?"

ते टेबलावरच पडले होते. मॅनेजरांनी सहा वेळा एकच लिहिलं होतं: ओला पुठ्ठा. नाकसाहेबांचा कागद बारीक अक्षरांनी भरला होता आणि प्रत्येक ओळीवर मोठा शेरा होता.

"चार नंबर," भावोजींनी वाचलं. "लिंबाची साल, पावसात भिजलेला दगड, चव लांबवर रेंगाळते. आणि वर, बूच, बाद! वा! याला म्हणतात जाणकार. नाहीतर तो मॅनेजर, पुठ्ठा, पुठ्ठा, पुठ्ठा."

वहिनींनी दोन्ही कागदांची घडी घातली. "मॅनेजरांना फोन लावा. साडेचारला दोघांना इथे यायला सांगा."

साडेचारला सगळे त्याच टेबलाभोवती बसले. नाकसाहेब उंच, टापटीप, आणि नाकानं कांदे सोलायची सवय असलेले.

"पोरीला समजवा," ते मॅनेजरांना म्हणाले. "हरण्यात लाज नसते."

"नाही ना," वहिनी म्हणाल्या. "मग आधी हे सांगा, चौथ्या बाटलीला काय झालं होतं?"

"बूच लागलं होतं."

वहिनींनी पर्समधून पत्र्याचं झाकण काढून टेबलावर ठेवलं.

"चौथ्या बाटलीला बूच नव्हतंच. फिरकीचं झाकण होतं."

"अरे देवा," ताईंनी कपाळाला हात लावला. "माझं डोकंच चाललं नाही!"

"म्हणजे वास बाटलीत नव्हता," वहिनी पुढे म्हणाल्या. "ताईंच्या वाटीत नव्हता, ग्लासात मात्र होता. फळीवरच्या कोऱ्या, रिकाम्या ग्लासालाही तो वास आहे. मी दुपारी हुंगला. भावोजींनी नुसता आत डोकावून पाहिला." भावोजी वहीत काहीतरी खोडू लागले. "सगळे ग्लास या साहेबांनी दिलेल्या टॉवेलनं पुसले होते. मावशी, उरलेला टॉवेल आणा."

मॅनेजरांनी टॉवेल हुंगला आणि मान मागे घेतली. "पुठ्ठा!"

"दुकानदारानं ओलीत ठेवले असतील," नाकसाहेब म्हणाले. "माझा काय दोष?"

"असेलही. पण मग सगळ्यांत फक्त तुमचाच ग्लास तुम्ही साबणानं का धुतलात? आणि हातापाशी टॉवेल असताना खिशातला रुमाल का काढलात?"

"डाग होता म्हटलं ना!"

"बरं, डाग होता. आता हा कागद. ताई म्हणाल्या, बूच लागलेली वाईन मुकी होते, फळाचा वास आधी मरतो. मॅनेजरांना पुठ्ठ्याशिवाय काही सापडलं नाही, ते खरं लिहून गेले. तुम्हाला मात्र लिंबाची साल सापडली. तुमच्या धुतलेल्या ग्लासात वाईन बोलत होती, साहेब. तुमच्या नाकाला खोटं बोलता आलं नाही. चाळीस वर्षांची सवय, हात लिहून गेला. मग त्याच ओळीवर तुम्ही 'बाद' लिहिलंत."

मॅनेजरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"बुरशीची बुचं टॉवेलांबरोबर पिशवीत घालून ठेवली," नाकसाहेब अखेर म्हणाले. आवाजात पश्चात्ताप नव्हता. "हिचं नाक मी घडवलं. बाजूला होतो असं मी म्हणालो, ते लोकांनी नको म्हणावं म्हणून! कुणी म्हणालं नाही. हिचंच नाव पुढे आलं. माझ्याकडे राहिली असती, तर सगळं हिचंच होतं."

"तुमचं असतं," ताई म्हणाल्या. "मी बाटल्या पुसत राहिले असते."

मॅनेजर घाईनं उठले. "झालं ते वाईट झालं. पण बाहेर बोभाटा नको. ताई, काम तुमचं. मी आत्ता सही करतो. साहेबांचं नाव सल्लागार म्हणून राहू दे, म्हणजे कुणाला शंका यायची नाही."

"घे, सही घे," दादा हळूच म्हणाले.

ताईंनी मॅनेजरांच्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि नाकसाहेबांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"वाचा. मोठ्यानं. वरचे शेरे सोडून."

नाकसाहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

त्यांनी वाचलं. पहिल्या ओळीला आवाज बारीक होता. चौथ्या ओळीपर्यंत तो आपोआप सुधारला. वाईनबद्दल त्यांना वाईट आवाजात बोलताच येत नव्हतं. सहावी ओळ संपली, ते उठले आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. सल्लागाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

"आता तरी सही करू ना?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाही."

"आता काय राहिलं?"

"सकाळी वास तुम्हालाही आला, पण दोष बाटलीचा हे दुसऱ्याच्या नाकावर विसंबून ठरवलंत आणि मला नाकारलंत," ताई म्हणाल्या. "आता दुसऱ्याच्या नाकावर विसंबून मला घेऊ नका. मावशी, ग्लास साबणानं धुवा. पुसू नका, निथळू द्या. नव्या सहा बाटल्या उघडते. स्वतः प्या. आवडली नाही तर तोंडावर सांगा, आणि दार तिकडे आहे."

मॅनेजरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि खाली बसले.