आयुधपूजेच्या रात्री स्टिअरिंग कुणी धरलं

सूर्यकांतअण्णा दिवे असताना गोष्ट सांगत नाहीत. त्या दिवशी साडेआठला दिवे गेले, आणि वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी तनय आणि सिद्धी, दोघंही पुण्याची, मोबाईलचा उजेड पाडत गच्चीवर आली. अण्णांनी आधी तो उजेड बंद करायला लावला. मग म्हणाले, ही ऐकीव नाही. त्रिविक्रमच्या तोंडून आलेली आहे. आणि खोटं रचायचे कष्ट घेईल असा तो माणूस नाही.

त्रिविक्रम म्हणजे बसवनगुडीत, अण्णांच्याच मागच्या गल्लीतला मेस्त्री. तीन पिढ्या बेंगळुरात. घरात मराठी, शेडमध्ये कन्नड. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाला, घरात बसवेना, म्हणून पत्र्याची शेड टाकून जुनी यंत्रं दुरुस्त करत बसला.

गेल्या वर्षीची आयुधपूजा. एक ऑक्टोबर, बुधवार.

त्याआधीच्या आठ दिवसांत मेस्त्री लोकांचे हाल कुत्रा खात नाही. ज्याला त्याला गाडी पूजेआधी पाहिजे. त्रिविक्रमचे डोळे चुलीत फुंकर घातल्यासारखे लाल झाले होते. बुधवारी दुपारी त्यानं पाने, हातोड्या, जॅक सगळं पुसून पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, कोहळा फोडला. आता दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात नाही. इथली रीतच तशी. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक रात्र विसावा.

संध्याकाळी सातला श्रीवत्स आला. कोरमंगलात हॉटेल चालवतो, वय तिशीचं, तोंड साखरेचं. होसकोटेकडून त्यानं साठेक वर्षांचा ट्रॅक्टर उचलला होता. लाल रंग मारून नवरदेव केला होता त्याचा. दसऱ्याला सकाळी मागं ट्रॉली जोडायची, गल्लीतली अठरा पोरं बसवायची आणि देवळापर्यंत मिरवायची. सगळं ठीक, पण स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म.

हत्यारं पूजेत आहेत, परवा ये, असं त्रिविक्रमनं सांगितलं. श्रीवत्सनं हात जोडले. मेस्त्री, स्वल्प बघा, पोरांनी फुगेसुद्धा बांधलेत. एवढं बोलून ट्रॅक्टर शेडमध्ये घातला आणि हार आणायला पळाला.

थकलेल्या माणसाला नाही म्हणायलाही जोर लागतो. तो उरला नव्हता. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून त्रिविक्रमनं दाराला आतून कडी घातली, पाटावरचा पाना उचलला आणि त्याचं कुंकू पँटला पुसलं.

स्टिअरिंगच्या बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की ढिलेपणा कमी झाल्यासारखा वाटतो. तो त्यानं आवळला. हे औषध नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक. खरं दुखणं बघायचं तर दोन माणसं लागतात. एकानं वर बसून स्टिअरिंग डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून कुठला सांधा मागं राहतो ते बघायचं. पण दुसरा आणायचा कुठून? सगळी घरी, गोडधोड खाऊन आडवी झालेली. त्यानं मनाशी म्हटलं, दोन किलोमीटर तर जायचंय, बैलाच्या चालीनं. चालेल.

पाना ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

अठरा पोरं.

शिवी घालून तो बॅटरी घेऊन खाली सरकला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पाठ टेकली आणि तोंडातून सवयीनं हाक गेली: "डावीकडे."

स्टिअरिंग डावीकडे फिरलं.

"म्हणजे अण्णा, भूत फ्री सर्व्हिसिंग करतं?" तनयनं विचारलं. सिद्धीनं त्याला चिमटा काढला. अण्णा म्हणाले, हसून घे. मग हसता येणार नाही.

कडीचं ध्यानातच नव्हतं, त्रिविक्रमला वाटलं, श्रीवत्स परत आला. बरं झालं. "उजवीकडे." फिरलं. बॉक्स ठीक. पुढचा सांधा ठीक. मग बॉक्सखाली लोंबणाऱ्या लोखंडी हातावर उजेड पडला. त्या हातावरच पुढची चाकं वळतात. "अजून एकदा." आणि त्या लोखंडात केसाएवढी चीर उघडली... आणि मिटली.

वरून श्वास ऐकू आला. जड. दिवसभर नांगरून आलेल्याचा.

"पाणी देऊ का रे?"

"साकु," वरून आवाज आला. पुरे.

श्रीवत्सचा आवाज बारीक. हा म्हातारा.

खिशात फोन वाजला. श्रीवत्स. "मेस्त्री, कोरमंगलातच अडकलोय, ट्रॅफिक आहे. झालं का?"

त्रिविक्रमनं फोन बंद केला. वर स्टिअरिंग हलत होतं. डावीकडे. उजवीकडे. न सांगता. चीर उघडत होती. मिटत होती. सीटखालची स्प्रिंग... कर्र... कर्र...

त्याला उठता येईना.

"बघितली," तो कसाबसा म्हणाला. "बघितली मी. नाही देत गाडी. एकही पोर बसणार नाही हिच्यावर."

स्टिअरिंग थांबलं.

किती वेळ तसाच पडून होता कुणास ठाऊक. बाहेर आला तेव्हा सीट रिकामी. कडी जागच्या जागी.

साडेनऊला श्रीवत्स आला, आणि त्रिविक्रमनं त्याची गचांडी धरली. तेव्हा श्रीवत्स खरं बोलला. एकोणीस वर्षांमागं ह्याच ट्रॅक्टरचा ड्रायव्हर तळ्याच्या वळणावर पाण्यात बुडून मेला होता. स्टिअरिंग वळलंच नाही. सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला नसता, म्हणाला. त्रिविक्रमनं तो लोखंडी हात काढला, शिकंज्यात धरला, एक हातोडा मारला. दोन तुकडे. तुटल्या जागेचा निम्मा भाग जुन्या गंजानं लाल, उरलेला ताजा, चकचकीत.

दसऱ्याला पोरं रडली, आणि फुगे घेऊन देवळापर्यंत चालत गेली. अठराच्या अठरा घरी आली. त्रिविक्रम दुपारी चारपर्यंत झोपला.

उठून शेडमध्ये गेला, तर ट्रॅक्टरच्या सीटवर पंचा. लाल चौकडीचा, घामानं चिंब. त्याचा नाही, श्रीवत्सचा नाही. दोनदा धुऊन दोरीवर टाकला. ऑक्टोबरचं ऊन गेलं, थंडी गेली, आता एप्रिल भाजतोय.

अण्णा थांबले.

"मी परवा जाऊन पिळला," ते म्हणाले. "अजून पाणी येतं. बोट जिभेला लावून बघितलं... खारट."